न मागणारी मुलं

२०२२ च्या दिवाळीच्या तोंडावर हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातून मुख्यमंत्र्यांच्या नावानं एक पत्र निघालं. लिहिणारा मुलगा सहावीत होता. त्या पावसाळ्यात सोयाबीन हातचं गेलं होतं, अनुदानाचा पत्ता नव्हता आणि सणाला घरात पोळ्या होणार नाहीत हे त्याला कळून चुकलं होतं. अनुदान लवकर द्या म्हणजे आमचीही दिवाळी होईल, असं त्याचं मागणं होतं. वर्तमानपत्रांनी ते पत्र छापलं, वाहिन्यांनी दाखवलं, शेतकऱ्याच्या हलाखीचा पुरावा म्हणून त्यावर पुष्कळ बोललं गेलं.

पण त्या पत्रात आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. शेजारच्या एका मुलानं वडिलांकडे पैसे मागितले आणि त्या माणसानं जीव दिला, असं आईनं मला सांगितलं. तेव्हापासून मी बाबांकडे पैसे मागत नाही, अशा आशयाचा तो मजकूर होता. अकरा-बारा वर्षांच्या पोरानं एक हिशेब मनाशी मांडला होता. मागितलं तर बाप जातो, म्हणून मागायचं नाही. वडिलांना जिवंत ठेवण्याची जबाबदारी त्यानं कुणाला न सांगता स्वतःकडे घेतली होती.

अनुदानाची चर्चा व्हायलाच हवी होती. पण या मुलाशी कोण बोलणार होतं? कर्जबाजारी माणूस जीव देतो त्यामागं किती गोष्टी असतात, लेकरानं दहा रुपये मागितल्यानं तसं होत नाही, त्यात तुझा किंवा त्या शेजारच्या मुलाचा कणभरही दोष नाही, हे त्याला शेजारी बसवून सांगणारं कुणीतरी लागतं. ते काम जिल्हाधिकारी कचेरीच्या कुठल्या टेबलावर येतं? कुठल्याच नाही. या प्रकरणाचा विषय ते काम आहे.

आपल्याकडे अशा मुलांचं कौतुक होतं. ‘आमचं लेकरू लई समजदार, कधी कशाला हट्ट नाही’, असं आई चारचौघींत सांगते तेव्हा तिच्या आवाजात अभिमान असतो आणि तो खोटा नसतो. तंगीच्या घरातली मुलं लवकर शहाणी होतात, ही आपल्या खेड्यांतली जुनी वस्तुस्थिती आहे. पण समजूतदारपणा आणि धास्ती बाहेरून सारखीच दिसतात. दोघांतही मूल गप्प असतं, कामाला हात लावतं, तक्रार करत नाही. फरक आत असतो. समजूतदार मूल आज नाही म्हटलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारून बघतं. धास्तावलेलं मूल मागायचंच सोडून देतं. मग रात्री झोप लागत नाही हे सांगणंही सोडतं आणि शेवटी शाळेत मन लागत नाही हेही.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १३ ते १७ वर्षांच्या मुलांत ७.३ टक्क्यांना त्या वेळी उपचारांची गरज असावी असा मानसिक आजार आढळला. खेड्यांतला आकडा ६.९ टक्के होता. नववीच्या वर्गात चाळीस मुलं बसत असतील तर त्यांतली दोन-तीन. मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळपास निम्म्यांची सुरुवात अठराव्या वर्षाच्या आत झालेली असते, हेही आता जगभर मानलं जातं. म्हणजे आजाराचं मूळ धरण्याचं वय नेमकं शाळेचं आहे. तरीही प्रत्येक उदास मूल आजारी नसतं. आजी गेली म्हणून महिनाभर रडणारं मूल निरोगी आहे. या दोन-तिघांपलीकडे उरलेल्या सदतीस-अडतीस जणांच्या मनाचंही काहीतरी चाललेलं असतं, आणि त्यांना डॉक्टर नको असतो, एक ऐकणारं माणूस हवं असतं.

मुलं बोलत नाहीत तेव्हा त्यांचं शरीर बोलतं. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत पहिल्या तासाला होणारा हा संवाद बघा.

‘बाई, पोट दुखायलंय.’

‘सकाळी काय खाल्लंस?’

‘काहीच नाही.’

‘मग दुखणारच. जा, पाणी पी अन् बस.’

बाईंचं चुकलं असं नाही. दोन वर्ग एकत्र बसलेले, समोर पन्नास वह्या, मोबाइलवर दुपारपर्यंत भरून पाठवायची माहिती. पण हेच पोट महिन्यातून चार-पाचदा, तेही सकाळीच दुखत असेल, रविवारी दुखत नसेल, जेवणाच्या सुट्टीत खेळताना थांबत असेल, तर ते दुखणं खोटं नाही आणि पोटाचंही नाही. भीतीच्या वेळी मेंदू शरीराला पळण्यासाठी तयार करतो: छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, आतड्यांची हालचाल बिघडते. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंचं दाट जाळं असल्यानं धास्तीचा पहिला फटका पोटाला बसतो. मुलाला खरोखर कळ येते. ‘नाटक करू नकोस’ म्हटलं की त्याच्या पदरी दुखण्याबरोबर अपमानही पडतो आणि पुढच्या वेळी ते सांगतही नाही.

बाईंकडे दोनच मिनिटं असली तरी संवाद वेगळा होऊ शकतो. ‘दुखतंय ना, बस इथं माझ्याजवळ. कालही दुखलं होतं का? घरी कोण कोण आहे सध्या?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘काय झालं?’ याला मुलाकडे उत्तर नसतं, ‘काही नाही’ म्हणून ते मोकळं होतं. ‘घरी कोण आहे?’ याला उत्तर असतं. आई-बाबा कारखान्याला गेलेत. बाबा चार दिवस शेतातल्या आखाड्यावरच झोपायलेत. ताईला बघायला पाहुणे आले होते. मग बाकीची गोष्ट हळूहळू येते.

मोठ्या मुलींच्या बाबतीत हेच दुखणं दुसऱ्या रूपात येतं. प्रार्थनेच्या वेळी मुलगी चक्कर येऊन पडते, दातखीळ बसते, हातपाय ताठ होतात, आणि तासाभरात गावभर होतं की हिला बाहेरचं झालंय. उतारे निघतात, कुणीतरी देवऋषी सुचवतो. कधी एका मुलीपाठोपाठ वर्गातल्या आणखी दोघी-तिघी पडतात. आधी डॉक्टरांकडे नेऊन फेफरं आणि रक्तातली कमतरता तपासून घ्यावी, हे पहिलं. तपासण्या ठीक निघाल्या तर हा मनावरचा ताण असह्य झाल्याचा प्रकार असतो. त्या मुलीभोवती गर्दी जमू न देणं, तिला शांत खोलीत नेणं आणि नंतर विश्वासातल्या एकाच बाईनं तिच्याशी बोलणं, एवढ्यानं बहुतेक वेळा पुढचं टळतं. मुलींच्या अशा बेशुद्धीमागं ठरू घातलेलं लग्न किंवा घरातल्याच कुणाचा त्रास असू शकतो, हे बोलणाऱ्या बाईनं मनात ठेवावं. अत्याचाराची गोष्ट निघाली तर ती घरात मिटवायची नसते. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ती कळवणं बंधनकारक आहे आणि १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक त्यासाठीच आहे.

*

हिंगोलीच्या मुलांवर येणारे ताण पाठ्यपुस्तकातल्या ‘परीक्षेची भीती’ या एका धड्यात मावत नाहीत. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा सोयाबीन आणि हळदीवर जगतो. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची धांदल आणि दहावी-बारावीचे पेपर एकाच हंगामात येतात. घरातला प्रत्येक हात त्या वेळी वावरात लागतो. पेपरच्या आदल्या संध्याकाळी हळदीच्या कढईपाशी जाळ घालणारा मुलगा आळशी नसतो, पण निकालाच्या दिवशी त्याला कुणी हे श्रेय देत नाही.

दसरा-दिवाळी झाली की अनेक तांड्यांवरून आणि वाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, जावाच लागतो. मागे राहिलेली मुलं आजी-आजोबांजवळ थांबतात किंवा हंगामी वसतिगृहाच्या सोयीनं गावातच जेवतात-झोपतात. सोबत गेलेली मुलं शिक्षण हमी पत्रक घेऊन कारखान्याजवळच्या शाळेत बसतात, निदान तशी अपेक्षा असते. कागदावर दोन्हीकडे शिक्षणाची व्यवस्था आहे. पण सात वर्षांच्या मुलाला आईशिवाय पाच महिने काढायचे असतील तर त्याची व्यवस्था ताट आणि सतरंजीवर पुरी होत नाही. इथं एक साधी गोष्ट फार कामाला येते: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आईचा फोन. ‘जमेल तेव्हा करते’ म्हटलेल्या दहा फोनांपेक्षा दर बुधवारी संध्याकाळी सातला हमखास येणारा एक फोन मुलाला जास्त सावरतो, कारण मग मधले सहा दिवस त्याला मोजता येतात. वसतिगृह चालवणाऱ्यांनी हा फोन मुलांच्या जेवणाइतकाच आवश्यक मानावा असं मला ठामपणे वाटतं.

मुलींचं आणखी एक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या तरुण स्त्रियांचं प्रमाण सुमारे २२ टक्के होतं. परभणीत अशा स्त्रिया जवळपास निम्म्या निघाल्या आणि हिंगोलीत दर तिघींमागे एकीपेक्षा जास्त. गावातली शाळा सातवीला संपते, पुढची शाळा काही किलोमीटरवर, रस्त्यात टवाळकी, मग ‘कशाला जोखीम’ म्हणून घरी बसवणं आणि मग स्थळ. मानव विकास कार्यक्रमातल्या मुलींसाठीच्या निळ्या एसटी बसकडे आपण वाहतुकीची सोय म्हणून बघतो. पण ज्या मुलीचं उद्याचं आयुष्य त्या बसवर अवलंबून आहे, तिच्या मनासाठी ती बस वेळेवर येणं कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोठा आधार आहे. मनाच्या आरोग्याचे उपाय नेहमी दवाखान्यासारखे दिसत नाहीत.

आणि मग जमीनच हलते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात, तसंच औंढा आणि कळमनुरीच्या काही गावांत, गेली काही वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात, सौम्य धक्के बसतात. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, दहाएक मिनिटांत दुसरा; १० जुलैला सकाळी सव्वासातच्या आसपास पुन्हा मोठा हादरा. घरांचे पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या, असं प्रशासनानं तेव्हा लोकांना सांगितलं होतं. मराठवाड्यात भूकंप म्हटलं की ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवतेच. आजी-आजोबा ती आठवण सांगतात, मुलं ऐकतात आणि रात्री खालून गुरगुर झाली की अंथरुणातून उठून अंगणात येतात. काही मुलं अशा वेळी पुन्हा अंथरूण ओलं करू लागतात, आईला सोडून संडासलाही जात नाहीत.

या भीतीवर ‘काही होत नाही, झोप’ हे उत्तर पुरत नाही, कारण काहीतरी होतंय हे मुलाला ऐकू येतंय. त्याला खरं सांगावं: जमिनीत हालचाल होते, मोठा धक्का येईलच असं नाही, पण आला तर आपण काय करायचं ते ठरवलेलं आहे. आणि मग त्याला एक काम द्यावं. दार उघडायचं काम तुझं. आजीची काठी तू घ्यायची. शाळेत सगळ्यांनी मिळून टेबलाखाली शिरण्याचा, मैदानात रांगेनं जाण्याचा सराव करावा. हातात काम असलेलं मूल कमी घाबरतं, हे जगभरच्या आपत्तींनंतर मुलांबरोबर काम करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. पत्र्यावरचे दगड उतरवताना ज्या घरात मुलांना हाताशी घेतलं असेल, तिथली मुलं त्या रात्री थोडी निवांत झोपली असतील.

*

परीक्षेबद्दल थोडक्यात, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं जातं. एनसीईआरटीनं २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार मुलांची पाहणी केली, त्यात ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण सांगितलं. हिंगोलीतली हुशार मुलं दहावीनंतर लातूर-नांदेडच्या शिकवण्यांना जातात. पंधरा-सोळाव्या वर्षी खोली घेऊन राहतात, आणि गावी त्यांच्या नावावर घरानं एकर विकलेला किंवा गहाण टाकलेला असतो. त्यांना अभ्यासापेक्षा त्या एकराचं ओझं जास्त असतं. पालकांनी एक वाक्य आधीच, निकाल लागण्यापूर्वी, शांत वेळी सांगून ठेवावं: नंबर नाही लागला तरी घरी यायचं, तुझ्यासाठी जेवण वाढलेलं असेल. निकालानंतर सांगितलं तर मुलाला ते सांत्वन वाटतं. आधी सांगितलेलं ते वचन म्हणून धरून ठेवतं. दहावीत नापास झालं तरी लगेच पुन्हा परीक्षा देता येते, ही सोय २०१५ पासून आहे. तीही निकालाच्या आधीच सांगावी.

आत्महत्येबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत महाराष्ट्राचा आकडा १,७६४, सर्व राज्यांत जास्त. हे मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत.

शिक्षकांच्या आणि पालकांच्या मनात एक गैरसमज पक्का बसलेला असतो: या विषयावर विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू. तसं होत नाही. जगभरच्या अभ्यासांत असं दिसलेलं नाही. उलट कुणीतरी सरळ विचारलं की मुलाला सुटल्यासारखं होतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल चिडचिडं किंवा मलूल असेल, मित्र तोडत असेल, झोप आणि जेवण बिघडलं असेल, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकत असेल, ‘माझ्यामुळंच सगळ्यांना त्रास’ असं बोलत असेल, तर बाजूला बसवून विचारावं: ‘इतकं नको झालंय का, की जगूच नये असं वाटतं?’ उत्तर ‘हो’ आलं तर ओरडायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, आईबापाचं काय होईल हे सांगायचं नाही. ते त्याला माहीत असतं, आणि तेच त्याच्या ओझ्यात असतं. ‘सांगितलंस ते बरं केलंस, आता मी तुझ्यासोबत आहे’ एवढं म्हणायचं, त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मदत मिळवायची. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

शेतकरी घरात आणखी एक गोष्ट आजच करायची आहे. फवारणीची औषधं घरातून काढा. आखाड्यावर कुलूपबंद पेटीत ठेवा, किल्ली एका मोठ्या माणसाकडे, उरलेलं औषध परत घरी आणायचं नाही. किशोरवयात जीव देण्याची ऊर्मी बहुधा थोडा वेळ टिकते. त्या वेळात हाताशी काही नसलं तर ती ओसरते आणि मूल वाचतं. श्रीलंकेनं सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आलं. जहाल विष हाताशी नसलं की काय घडतं याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

*

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ऐकणारं माणूस आणायचं कुठून? महाराष्ट्रानं २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात हिंगोली आहे. आशाताई घरोघर जाऊन प्रश्न विचारतात, ताण आढळला तर पुढं पाठवतात, १०४ क्रमांकावर समुपदेशन मिळतं. चांगलं काम आहे. त्याचा रोख साहजिकच घरातल्या कर्त्या माणसावर आहे. ओसरीवर त्या वेळी गृहपाठ करत बसलेलं मूल सगळं ऐकत असतं, आणि त्याला कुणी काही विचारत नाही. आशाताईंच्या भेटीत ‘लेकरं कशी आहेत, झोपतात का नीट?’ हा एक प्रश्न वाढवायला खर्च येत नाही.

बहुतेक योजना ऐकण्याचं काम शिक्षकावर टाकतात. ते का फसतं, याचा ठोस पुरावा बिहारमधून आलेला आहे आणि त्यामागं गोव्याची संस्था आहे. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगथ’नं नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. काही शाळांत एक कार्यक्रम शिक्षकानं चालवला, काहींत तोच कार्यक्रम त्या भागातल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या ‘सेहेर मित्रा’नं, आणि उरलेल्या शाळांत नेहमीचंच चालू ठेवलं. नववीच्या मुलांचं वर्षाअखेरीस मोजमाप झालं. २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. जिथं स्वतंत्र मित्र होता तिथं मुलांना शाळा अधिक आपली वाटू लागली, उदासी घटली, दादागिरी आणि मारामारी घटली. जिथं शिक्षकानं तेच केलं तिथं नेहमीच्या शाळांपेक्षा काहीच फरक पडला नाही.

हा निष्कर्ष शिक्षकांविरुद्धचा नाही, त्यांच्या बाजूचा आहे. ज्याच्याकडे वर्ग आहे, पोषण आहार आहे, निवडणुकीचं काम आहे, त्याच्या अंगावर आणखी एक नोंदवही टाकून मुलांची मनं सांभाळली जात नाहीत. शिवाय जो मार्क देतो आणि जो पालकांना बोलावून घेतो, त्याला मूल मनातलं सांगायला कचरतं. शिक्षकानं ओळखायचं आणि जवळ घ्यायचं. बसून ऐकायला दुसरं माणूस हवं. आणि ते माणूस मानसोपचारतज्ज्ञच असलं पाहिजे असं नाही, हा या प्रयोगाचा हिंगोलीसारख्या जिल्ह्यासाठी सर्वांत मोलाचा भाग आहे. पदवीधर होऊन गावात बसलेल्या मुली-मुलांची आपल्याकडे कमी नाही.

त्या मित्राचं काम काय होतं? परिपाठात मुलांशी बोलणं, भित्तिपत्रक, मुलांचा एक गट, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची पेटी, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्यानं बोलणं. आपल्या शाळांत यातली निम्मी सामग्री आधीच आहे. मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं पहिली ते आठवीसाठी उपक्रमांचा ‘आनंददायी शनिवार’ आला. २०२२ पासून विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आहेत. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक आहेत. कमी आहे ती या सगळ्याला धरून राहणाऱ्या एका माणसाची.

सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेनं प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, असं त्यात आहे. वाडी-तांड्यांवरच्या पुष्कळ शाळा शंभराच्या आतल्या आहेत, म्हणून इथं दुसरं वाक्य महत्त्वाचं. २०२४ मध्ये हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या मानसोपचार विभागाशी प्रत्येक केंद्राची जोडणी करता येईल. केंद्र म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळा. प्रत्येक केंद्रासाठी एक मित्र, आठवड्यातला ठरलेला वार प्रत्येक शाळेचा, महिन्यातून एकदा वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांबरोबर बसून अवघड मुलांबद्दल सल्ला. हे जिल्हा परिषदेच्या आवाक्यातलं आहे. शाळा व्यवस्थापन समित्यांनी तसा ठराव करून मागणी केली पाहिजे.

शाळेला तोवर थांबण्याचं कारण नाही. चिठ्ठ्यांची पेटी उद्याही लावता येते. ती मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर लावू नये, पाण्याच्या टाकीकडे लावावी, जिथं एकटं जायला निमित्त असतं. किल्ली दोघांकडे असावी, त्यांतली एक बाई. उघडायचा वार ठरलेला आणि सगळ्यांना माहीत. अक्षर कुणाचं हे शोधायचं नाही, एवढा नियम शिक्षकांनी शपथेसारखा पाळावा. त्याला अपवाद एकच: कुणाच्या जिवाला किंवा अब्रूला धोका दिसला तर.

पहिल्या महिन्यात त्या पेटीत मनातलं काही येणार नाही. खिचडीत मीठ कमी असतं, पाचवीच्या खोलीतला पंखा बंद आहे, अमका सर टोपणनावानं हाका मारतात, असल्या चिठ्ठ्या येतील. काही जण म्हणतील, यासाठी का पेटी लावली होती. पण मुलं पेटीची परीक्षा घेत असतात. पंखा आधी दुरुस्त करावा, सरांना हाका मारणं थांबवायला सांगावं आणि परिपाठात जाहीर करावं की चिठ्ठी आली होती आणि हे झालं. मागितलेलं मिळतं, निदान ऐकलं जातं, हे एकदा दिसलं की दुसऱ्या प्रकारच्या चिठ्ठ्या येऊ लागतील, आणि त्या वाचायला कोण बसणार हे त्याआधी ठरलेलं असलं पाहिजे.